आडवा वारा आणि शेपटीचं चाक: जुनं प्रशिक्षण विमान नागपुरात उतरवताना

एप्रिल संपत आला होता. सकाळचे सव्वादहा, धावपट्टी ३२, वारा डावीकडून. माझं पुष्पक, शेपटीच्या चाकाचं जुनं प्रशिक्षण विमान, तिन्ही चाकांवर एकदम टेकलं, उसळलं नाही, मध्यरेषेवर सरळ धावू लागलं. गल्लीत स्कूटर चालवतो तेवढा वेग उरला तेव्हा मी पाय सैल सोडले आणि टॅक्सीवेच्या (धावपट्टीवरून बाहेर नेणाऱ्या रस्त्याच्या) पाटीकडे बघितलं. दोन सेकंदांत नाक डावीकडे फिरलं, उजवा पंख खाली बसला आणि कापड डांबरावर घासल्याचा आवाज आला. विमान उलट्या दिशेला तोंड करून थांबलं. कुणाला खरचटलंही नाही, पण पंखाचं टोक, एलरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीची) बिजागरी आणि उजव्या चाकाची जोडणी गेली. आमचे सर शेजारच्या सीटवर होते. इंजिन बंद केल्यावर ते एवढंच बोलले, "विमान उतरलं कुठं होतं अजून, बाप्पा? पाय काहून थांबवले?"

जुन्या प्रशिक्षण विमानांचे आडव्या वाऱ्यातले बहुतेक अपघात असेच होतात. ते हवेत होत नाहीत, टेकल्यानंतर होतात. वैमानिकाच्या मनातलं लँडिंग संपलेलं असतं आणि विमानाचं चालूच असतं. हा लेख त्या अर्ध्या मिनिटासाठी आणि त्याआधी जमिनीवर करायच्या तयारीसाठी आहे. शेपटीचं चाक असलेल्या विमानावर शिकणाऱ्यांसाठी, आणि सेस्नावर (नाकाखाली चाक असलेल्या आजच्या प्रशिक्षण विमानावर) शंभर तास करून पहिल्यांदा अशा विमानात बसणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि तुमचे प्रशिक्षक यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा.

आधी विमान समजून घ्या

टायगर मॉथ १९३१ साली पहिल्यांदा उडालं. त्या काळात धावपट्टी अशी नसायचीच, असायचं ते मोठं गवताळ मैदान. वारा जिकडून असेल तिकडे तोंड करायचं आणि उतरायचं. त्यामुळे आडवा वारा हा प्रश्न त्या विमानाच्या आखणीत फारसा नव्हताच. टायगर मॉथला ब्रेक नाहीत, आणि मूळ रूपात शेपटीला चाकही नाही, लोखंडी घसरपट्टी आहे. ती गवतात रुतते, वेग कमी करते, शेपटी सरळ धरते. तेच विमान डांबरावर उतरवलं की ती घसरपट्टी नुसती घासत जाते, धरत काहीच नाही. रिकाम्या टायगर मॉथचं वजन जेमतेम ५०० किलो, वर दोन मजली पंख. अशा विमानाला डांबर आणि आडवा वारा एकत्र भेटले तर वैमानिकाच्या हातात फार थोडं उरतं.

आपल्याकडे नंतर आलेली विमानंही शेपटीच्या चाकाचीच होती. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली घडलेलं एचटी-२ हे १९५१ साली उडालं. ९० अश्वशक्तीचं पुष्पक १९५८ साली आलं आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये पिढ्यांना उडायला शिकवून गेलं. वायुदलाच्या विंटेज फ्लाइटमधलं हार्वर्ड त्याच घराण्यातलं, फक्त अंगाने दांडगं. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, मैदानाला ही जात नवी नाही. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची आणि पोती बदलून परत जायची, तेव्हा सुरुवातीच्या काळात ते काम डकोटा विमानं करत होती. डकोटाही शेपटीवर बसणारंच.

या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्याचा परिणाम समजायला ट्रॅक्टरची ट्रॉली आठवा. ट्रॅक्टर पुढे जातो तेव्हा ट्रॉली आपोआप रांगेत येते. रिव्हर्स घेतला की चाक जरासं चुकलं तरी ट्रॉली वळते, वळली की आणखी वळते, आणि शेवटी ट्रॅक्टरला येऊन टेकते. नाकाखाली चाक असलेलं सेस्ना म्हणजे पुढे ओढलेली ट्रॉली. पुष्पक, टायगर मॉथ, हार्वर्ड म्हणजे रिव्हर्समधली. नाक पाच अंश फिरलं तर मागचं वजन ते दहा करू पाहतं, दहाचं वीस. एका मर्यादेपलीकडे रडर (शेपटीची उभी हलती फळी, ती पायाने फिरवतात), ब्रेक, काहीही पुरत नाही. मग विमान गिरकी घेतं, बाहेरच्या बाजूचा पंख खाली येतो आणि त्या बाजूच्या चाकावर आडवा भार पडतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

वाऱ्याचं काम फक्त सुरुवात करून देण्याचं. उभी शेपटी वाऱ्याला मोठा पृष्ठभाग देते, म्हणून विमान वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे फिरवू पाहतं. यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती आकड्यांतच नीट कळते. आडवा वारा १० नॉट (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) धरा. विमान ५० नॉटने धावत असताना त्याला वारा नाकापासून साधारण ११ अंशांवरून लागतो. वेग २५ झाला की तोच वारा २२ अंशांवरून येतो, आणि १२ झाला की ४० अंशांवरून. इकडे रडरची ताकद वेगाच्या वर्गाने घटते: वेग निम्मा, तर रडर पाव. म्हणजे विमान जितकं हळू होतं, तितका वारा जास्त आडवा आणि रडर जास्त दुबळं. माझ्या हातून विमान निसटलं ते नेमकं तिथेच, जिथे मला सगळं संपल्यासारखं वाटलं होतं.

नागपूरचा वारा

नागपूरची धावपट्टी १४/३२, म्हणजे एका टोकाने १४० आणि दुसऱ्याने ३२० अंशांची, आग्नेय-वायव्य. लांबी ३२०० मीटर, त्यामुळे लांबीची चिंता नाही. चिंता आहे ती दिशेची, कारण उतरायला पट्टी एकच मिळते. टायगर मॉथच्या जमान्यातलं ते गोल मैदान आपल्याकडे नाही.

उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिम ते वायव्येकडून येतो. ३२ वर तो बराचसा समोरून मिळतो, पण दुपारी तो झोताझोताने येतो आणि तापलेल्या डांबरावरून वावटळी उठतात. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) एकदम लुळा पडला आणि लगेच दुसऱ्याच दिशेला ताठला, तर जवळून वावटळ गेली असं समजा. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडे सरकतो, म्हणजे २३० ते २७० अंशांच्या मधे, आणि ३२० च्या पट्टीला तो जवळजवळ काटकोनात लागतो. शिकाऊ वैमानिकासाठी आडव्या वाऱ्याचा खरा हंगाम हाच. हिवाळ्यात उत्तर-ईशान्येचा मंद वारा असतो, तोही आडवाच, पण चार-सहा नॉटांचा. सरावाला तो सोन्यासारखा. संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांना जो वारा कमी वाटतो, तोच तुमच्या पहिल्या धड्यांना पुरेसा असतो.

मान्सूनपूर्व वादळांचं वेगळं. एप्रिल-मेच्या दुपारी ढग काळे होऊ लागले की वाऱ्याला दिशा राहत नाही. दूर वर्धा रोडच्या बाजूला धुळीची भिंत दिसली तर हा लेख विसरा आणि विमान बाहेरच काढू नका.

उष्णतेचाही हिशेब आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर, म्हणजे १०३३ फुटांवर. मे महिन्यात ४४ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साधारण ५००० फुटांवर असल्यासारखं वाटतं. वेगाच्या घड्याळात ५० नॉट दिसले तरी खरा वेग ५४ च्या आसपास असतो. टेकताना चाकांवर येणारी ऊर्जा सहाव्या-सातव्या हिश्श्याने वाढते, आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं झालं, तर ९० अश्वशक्तीचं इंजिन नव्वद देत नाही. माझा नियम साधा आहे. उन्हाळ्यात जुनं विमान उजाडता बाहेर काढायचं आणि साडेआठ-नऊपर्यंत परत आणायचं. त्या दिवशी सव्वादहाला मी तिथे असायलाच नको होतो.

पहिली पायरी: हिशेब, तोही कागदावर

वारा पट्टीला किती अंशांनी लागतो ते काढा आणि घड्याळातला हिशेब लावा. १५ अंश म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण, ६० किंवा जास्त म्हणजे पूर्ण. पट्टी ३२, वारा २७५ वरून १२ नॉट: फरक ४५, आडवा वारा पाऊण, म्हणजे ९. वारा २६० वरून १४: फरक ६०, आडवा वारा पूर्ण १४ धरा. खरा आकडा १२ च्या आसपास येतो, पण हा हिशेब चुकतो तो तुमच्या बाजूनेच.

मेटार (विमानतळाचा ठरावीक वेळेचा हवामान अहवाल) वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यातला वारा दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. टॉवर सांगतो तो दोन मिनिटांच्या सरासरीचा, म्हणून शेवटचा शब्द टॉवरचा. दुसरी जास्त फसवी आहे. झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा त्याहून जास्त असेल तेव्हाच मेटारमध्ये तो लिहिला जातो. म्हणजे मेटारमध्ये नुसते "१२ नॉट" असतील, तरी अधूनमधून वीसचा झोत येत असू शकतो. हे बघायला विंडसॉकखाली पाच मिनिटं उभं राहण्यासारखा दुसरा उपाय नाही. मी विद्यार्थ्यांना घड्याळ लावून उभं करतो.

दुसरी पायरी: स्वतःची मर्यादा

सेस्ना १५२ च्या मॅन्युअलमध्ये १२ नॉट आणि १७२ च्या मॅन्युअलमध्ये १५ नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा असतो. तो चाचणीत दाखवून दिलेला वारा, कायद्याची मर्यादा नव्हे. जुन्या विमानांच्या पुस्तकात बहुधा तोही नसतो. नंतरच्या अमेरिकन नियमांनी विमानाकडून किमान एवढं मागितलं की स्टॉलच्या वेगाच्या (ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत) पाचव्या हिश्श्याइतका आडवा वारा त्याने झेलावा. ४० नॉटला स्टॉल होणाऱ्या विमानासाठी हे होतात ८ नॉट. मला हा आकडा चांगला वाटतो. शिकाऊ वैमानिकाने एकट्याने ५ वर थांबावं, सरावलेल्याने ८ वर, आणि त्यापुढे प्रशिक्षक शेजारी असल्याशिवाय जाऊ नये. डांबरावर घसरपट्टीचं टायगर मॉथ असेल तर यातूनही कमी करा. आकडा आदल्या रात्री लिहून खिशात ठेवा. सकाळी विमान तयार, मित्र फोटो काढायला आलेले, अशा वेळी आकडा ठरवायला बसलं की तो वाढतोच.

मर्यादा ओलांडणारा वारा मधेच उठला तर जायचं कुठे, हेही उडण्याआधी ठरलेलं असावं. गोंदियाजवळच्या बिरसीची पट्टी ०४/२२ आहे, नागपूरच्या पट्टीला जवळजवळ काटकोनात. नैऋत्येचा वारा तिथे नाकासमोर येतो. पुष्पकच्या वेगाने ते जवळ नाही, म्हणून तेवढं इंधन आणि परवानगी हा नियोजनाचा भाग झाला पाहिजे.

तिसरी पायरी: खाली वाकून बघणे

शेपटीच्या चाकाकडे जाण्यासाठी गुडघे टेकावे लागतात, म्हणून ते नीट बघितलं जात नाही. चाक रडरला जोडणाऱ्या स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्या ताणलेल्या हव्यात. एक ढिली असेल तर एका बाजूचं रडर उशिरा पोचेल. चाक हाताने हलवून खेळ बघा. मुख्य टायरांची हवा गेजने मोजा, कारण एका टायरमध्ये हवा कमी असेल तर विमान सतत तिकडे ओढतं आणि वैमानिक वाऱ्याला दोष देत बसतो. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा. काही जुन्या विमानांत ते टाचेने दाबायचे असतात आणि पायाला ती सवय नसते. हार्वर्डवर असाल तर शेपटीच्या चाकाची व्यवस्था समजून घ्या: काही हार्वर्डमध्ये स्टिक (हातातला दांडा) मागे असली की चाक रडरच्या ताब्यात राहतं, पूर्ण पुढे ढकलली की मोकळं सुटतं. उतरल्यावर धावताना ते चुकून मोकळं सुटणं परवडत नाही.

चपला आणि जाड तळाचे बूटही नकोत. पायाला पेडल कळलं पाहिजे.

चौथी पायरी: टॅक्सी करताना

वारा पुढच्या कोपऱ्यातून असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. मागच्या कोपऱ्यातून असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. वळलात की हातही बदलला पाहिजे. वारा १२-१५ च्या पुढे गेला तर पंखांच्या टोकांना दोन माणसं लावा. यात कमीपणा नाही, टायगर मॉथवर ही पद्धत पहिल्यापासून आहे.

आपल्या विमानतळावर एअरबससारखी मोठी विमानं सतत येत-जात असतात. त्यांच्या पंखांमागे सुटलेले भोवरे पट्टीवरून बाजूला वाहत जातात, पण आडवा वारा पाचएक नॉट असला की वाऱ्याकडच्या बाजूचा भोवरा पट्टीवरच रेंगाळतो. टॉवरने सांगितलेला वेळ पूर्ण थांबा. कमी वाटला तर आणखी मागा, टॉवर देतो.

पाचवी पायरी: सर्किटमध्ये वारा वाचणे

उतरण्याआधी पट्टीभोवती मारायच्या फेरीला सर्किट म्हणतात. हवेत गेल्यावर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर बघा, वरच्या वाऱ्याची दिशा तो फुकट सांगतो. अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या पाण्याकडे बघा: तलावाचा जो काठ शांत आणि चकचकीत दिसतो, वारा त्या बाजूने येतोय. डाउनविंडवर (फेरीची पट्टीला समांतर, उलट दिशेची बाजू) पट्टीपासून अंतर सारखं राखायला नाक किती तिरपं धरावं लागतं ते मोजून ठेवा.

३२ वर डावं सर्किट आणि वारा पश्चिमेचा असेल तर बेस लेगवर (तिथून पट्टीकडे वळणारी आडवी बाजू) तो पाठीमागून येतो. जमिनीवरचा वेग वाढतो, वळायला उशीर होतो आणि फायनल (पट्टीच्या रांगेतली शेवटची बाजू) ओलांडली जाते. तेव्हा वळण अधिक आवळण्याचा, पायाने नाक ओढून घेण्याचा मोह होतो. कमी उंचीवर, कमी वेगात, रडरने ओढलेलं वळण स्टॉल आणि स्पिनमध्ये (गोल फिरत कोसळणं) जातं, आणि त्यातून पुन्हा उठणं होत नाही. ग्राउंड लूपमध्ये विमान मोडतं, इथे माणूस जातो. म्हणून लवकर वळा. ओलांडलंच तर सरळ गो-अराउंड. वाहतूक कमी असेल तर टॉवरला उजवं सर्किट मागता येतं, मग बेसवर वारा समोरून मिळतो.

सहावी पायरी: फायनल

दोन रीती आहेत. एकीत नाक वाऱ्याकडे तिरपं ठेवून यायचं आणि टेकण्याच्या क्षणी सरळ करायचं. दुसरीत वाऱ्याकडचा पंख खाली धरायचा आणि उलट्या पायाने नाक पट्टीला समांतर ठेवायचं. जुन्या विमानासाठी मी दुसरी सांगतो, निदान शेवटच्या २०० फुटांत. पहिल्या रीतीत सगळं काम शेवटच्या अर्ध्या सेकंदात येतं, आणि शिकाऊ माणसाचा तो अर्धा सेकंद नेहमी चुकीच्या जागी पडतो. डांबर गवतासारखं माफ करत नाही. आडवं सरकत टेकलात की टायर पकडतो आणि वरचं विमान तसंच पुढे जातं.

पंख खाली धरण्याचा आणखी एक फायदा आहे. विमान तुम्हाला आधीच उत्तर देतं. फायनलवर पूर्ण रडर देऊनही नाक पट्टीला समांतर राहत नसेल, तर खाली वारा तुमच्या विमानापेक्षा मोठा आहे. उतरू नका. रडर अर्धं शिल्लक असेल तरच मला पुढे जावंसं वाटतं, कारण जमिनीवर ते अर्धं लागणार आहे.

झोत असतील तर झोत आणि सरासरी यांच्या फरकाचा निम्मा वेग वाढवा. १२ चा वारा, २० चे झोत: ४ नॉट. त्याहून जास्त नको, हलकं विमान तरंगत राहतं आणि तरंगताना वारा त्याला मध्यरेषेवरून ढकलतो.

पट्टी ४५ मीटर रुंद असेल आणि टॉवरची हरकत नसेल तर वाऱ्याच्या विरुद्ध कडेच्या थोडं आत टेकून वाऱ्याकडे तिरपं धावता येतं. दहाएक अंशांचा फायदा होतो. १२ नॉटचा वारा ६० अंशांवरून असेल तर साडेदहाचे नऊ होतात. नऊ आणि साडेदहात फरक पडतो, पण आधी सराव केलेला असेल तरच.

सातवी पायरी: टेकणे

तिन्ही चाकांवर टेकायचं की आधी मुख्य चाकांवर, यावर हँगरमध्ये रात्रभर वाद चालतो. तीन चाकांवर टेकलं की वेग सर्वांत कमी असतो आणि शेपटीचं चाक लगेच कामाला लागतं. मुख्य चाकांवर टेकलं की समोरचं दिसतं आणि रडरला जोर असतो, पण शेपटी कधीतरी खाली आणावीच लागते, आणि ती येताना रडर पंखांच्या आणि अंगाच्या आडोशात जातं. पुष्पकसारख्या विमानावर आठ नॉटपर्यंत मी तीन चाकांवर उतरवतो, त्यापुढे मुख्य चाकांवर. शेपटी मात्र ती आपोआप पडेपर्यंत वर धरून ठेवत नाही. रडरला जोर आहे तोवर स्वतः खाली आणतो आणि स्टिक पोटाशी दाबून धरतो. ब्रेक नसलेल्या टायगर मॉथवर डांबरावर मुख्य चाकांचं लँडिंग मी कुणाला सुचवणार नाही.

कुठलीही रीत असो, वाऱ्याकडचं चाक आधी टेकणार. डावीकडून वारा, तर डावं चाक, मग उजवं. पंख सरळ करून दोन्ही चाकं एकदम टेकवायचा मोह आवरा. सरळ केलेल्या क्षणी विमान आडवं वाहू लागतं.

आठवी पायरी: धावणे

इथून पुढचं मला सगळ्यात हळू सांगायचं आहे.

नजर पट्टीच्या पार टोकाला. नाकापुढचं डांबर बघितलं तर नाक फिरल्याचं उशिरा कळतं. तीन चाकांवर नाकाने समोरचं झाकलं असेल तर दोन्ही कडा एकदम दिसतील अशी नजर मोकळी ठेवा आणि कुठली कडा वाढते ते बघा.

पाय सतत चालू. मोठी लाथ नको, छोटे छोटे ठोके: दिला, काढला, दिला, काढला. नाक फिरलं म्हणून रडर दिलं आणि ते फिरणं थांबायची वाट बघत तसंच धरून ठेवलं, तर पुढची गिरकी उलट बाजूला येते, आणि ती पहिलीपेक्षा मोठी असते. नाकाचं फिरणं थांबलं की पाय लगेच परत मधे. वेग कमी होईल तसे ठोके मोठे होतात, कारण रडर दुबळं होतंय.

स्टिक पोटाशी, आणि वाऱ्याकडे वाढत जाणारी. टेकताना डावीकडे थोडी असेल तर थांबेपर्यंत ती डावीकडे पूर्ण टेकलेली हवी. बहुतेक लोक टेकल्यावर एलरॉन विसरतात. वाऱ्याकडे स्टिक असली की वाऱ्याकडचा पंख दबून राहतो, आणि शिवाय पलीकडच्या खाली झुकलेल्या एलरॉनला हवेचा अडथळा जास्त होतो, तो नाकाला वाऱ्यापासून दूर ओढतो. म्हणजे हातही पायाला मदत करतो.

ब्रेक शेवटी, आणि पुसल्यासारखा. फ्लॅप असतील तर धावताना त्यांचा लिव्हर शोधत खाली बघू नका. रेडिओवर टॉवरने काही विचारलं तर थांबल्यावर उत्तर द्या, टॉवरला कळतं. आमचे सर थांबेपर्यंत एकच शब्द म्हणायचे, "पाय... पाय... पाय..." आता विद्यार्थी शेजारी असला की माझ्याही तोंडून तेच निघतं.

फिरलंच तर

नाक पाच-दहा अंश फिरलं असेल तर उलटं रडर पूर्ण, त्या बाजूच्या ब्रेकचा एक झटका, आणि शेपटीवर हवा फेकण्यासाठी थ्रॉटलचा छोटा झोत. स्टिक मागेच. एक सावधगिरी हवी: पुष्पकचं इंजिन थ्रॉटल दिल्यावर नाक डावीकडे ओढतं. वारा डावीकडून असेल तर दोन्ही ओढी एकाच बाजूला होतात, म्हणून आधी पाय आणि मग थ्रॉटल. टायगर मॉथचा पुढचा पंखा (प्रोपेलर) उलट फिरतो, तिथे हे उजवीकडे घडतं.

पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलं असेल तर ते परत येत नाही. थ्रॉटल बंद, स्टिक पोटाशी, आणि फिरू द्या. त्या अवस्थेत पूर्ण थ्रॉटल देऊन उडून जायचा प्रयत्न म्हणजे पट्टीबाहेर, तिरक्या दिशेने, उडण्याइतका वेग नसलेलं विमान.

टेकताना उसळलं आणि आडवं वाहू लागलं तर दुसऱ्या उसळीची वाट बघू नका. लगेच गो-अराउंड: पाय, पूर्ण थ्रॉटल, नाक जेमतेम क्षितिजावर, वेग येऊ द्या, मग चढा. उन्हाळ्यात चढ मंद असेल, नाक ओढून तो वाढत नाही. दोन गो-अराउंड झाले तर तिसऱ्यांदा त्याच वाऱ्यात यायचं नाही, वर थांबायचं किंवा दुसरीकडे जायचं.

मोडतोड झाली तर

इंधनाची कॉक बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा) बंद, बाहेर. मग टॉवर. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि एएआयबीला (विमान अपघात तपास विभाग) कळवायचं असतं, आणि तोवर विमान हलवायचं नाही. पंखाचं टोक चिकटवून संध्याकाळी उडायचा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला तिथेच थांबवा. ज्यांचे स्पार (पंखातले मुख्य आडवे दांडे) लाकडी आहेत त्या पंखांत दाबाने पडणारी भेग कापडाखाली लपते, लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी. घासलेला पंख तपासतात आणि दुसरा सोडून देतात, पण गिरकीचा हिसका दोन्हीकडे बसलेला असतो. शेपटीच्या चाकाजवळच्या नळ्या वाकल्या आहेत का, मुख्य चाकांच्या बोल्टची भोकं लांबट झाली आहेत का, हे उघडून बघावं लागतं. पंख्याचं पातं जमिनीला लागलं असेल तर क्रँकशाफ्ट डायल गेजवर तपासल्याशिवाय इंजिन चालवू नका. माझ्या त्या पुष्पकला परत उडायला चार महिने लागले, आणि सर्वांत मोठं काम निघालं ते डाव्या पंखात.

शेवटची पायरी: दोर

शेपटीवर बसलेलं विमान उभं असतानाही पंख वर करूनच उभं असतं, उडण्याच्या कोनात. मे महिन्यातल्या वादळाचा एक झोत त्याला जागेवरून उचलू शकतो. हँगर मिळत असेल तर हँगरच. नसेल तर नाक वाऱ्याकडे, चाकांना पुढून-मागून ठोकळे, कंट्रोल लॉक, आणि तीन दोर: दोन पंखांना, एक शेपटीला. तागाचा दोर पावसाने भिजला की आखडतो आणि पंखाची कडी ओढतो, म्हणून इंचभर सैल ठेवा. नायलॉन थोडा ताणून बांधा.

मग लॉगबुक काढा आणि वेळेशेजारी त्या दिवसाचा वारा लिहा: दिशा, नॉट, आडवा भाग किती, कुठला पाय जास्त चालला. मी माझ्या ग्राउंड लूपच्या दिवसापासून हे लिहितो. त्याच्या आधीच्या पानांवर वाऱ्याचा रकाना कोरा आहे.